पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा खून

जैन परंपरेत यशोधर राजाची एक गोष्ट आहे. राजाला संसाराचा वीट येतो. राज्य सोडून निघण्यासाठी कारण हवे म्हणून तो आईला सांगतो, आपल्याला फार वाईट स्वप्न पडले. आई चंद्रमती म्हणते, देवीला पशूंचा बळी दे, अरिष्ट टळेल. राजा प्राणी मारायला तयार नाही आणि आई हट्ट सोडायला तयार नाही. शेवटी तडजोड निघते. पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याच्यावर शस्त्र चालवायचे. जीव जाणार नाही, आईचे मनही राखले जाईल. राजा पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. त्या एका कृत्यापायी मायलेकांना पुढे एकामागून एक पशुयोनीत फिरावे लागते. मोर आणि कुत्रा यांच्यापासून सुरुवात होते आणि फेरा थेट कोंबड्याच्या जन्मापर्यंत येऊन पोचतो.

सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात ही कथा आहे. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहून पुष्पदंताने ती अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ म्हणून रचली. विदर्भातल्या कारंजाच्या जैन ग्रंथमालेसाठी प. ल. वैद्य यांनी तिचे संपादन केले. हजार वर्षांपूर्वीच्या या कथेने विचारलेला प्रश्न आज घराघरांत, मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर रोज उभा राहतो आहे. पडद्यावर जो मारला गेला तो कधी जिवंतच नव्हता. मग मारणाऱ्याने नेमके काय केले?

खेळणाऱ्यांकडे याचे उत्तर तयार असते: काहीच नाही, गेम आहे तो. या उत्तरात तथ्य आहे आणि ते आधी मोकळेपणाने मान्य करायला हवे. व्हिडिओ गेममुळे मुले हिंसक होतात, ही भीती गेली तीन दशके पालकांच्या आणि पुढाऱ्यांच्या बोलण्यात आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचे वागणे त्यांनी मुलांना न विचारता पालकांना विचारले, आणि खेळ किती हिंसक आहे हे अधिकृत वर्गीकरणावरून ठरवले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांत त्यांना संबंध आढळला नाही.

पण यशोधराच्या गोष्टीचा रोख इकडे नाहीच. पिठाचा कोंबडा कापल्यावर राजा उद्या खरे कोंबडे कापत सुटेल, असे ती गोष्ट म्हणत नाही. तिला आज घडलेल्या कृत्याशी कर्तव्य आहे. जैन विचार द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतो. जीव प्रत्यक्ष जाणे ही एक बाब, मारण्याचा भाव मनात उठणे ही दुसरी. पिठाच्या कोंबड्यात पहिली नाही, दुसरी आहे.

आधुनिक तत्त्वज्ञही याच ठिकाणी येऊन अडखळले. मॉर्गन लक या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००९ मध्ये एक पेच मांडला. खेळातला खून बहुतेकांना चालतो, कारण खरे कोणी मरत नाही. पण एखाद्या खेळात लहान मुलावर लैंगिक अत्याचार करायची सोय असेल, तर तेच लोक संतापतील, आणि संतापायलाच हवे. खरे मूल तर तिथेही नाही. ‘कोणाचे काही बिघडले नाही’ एवढ्या आधारावर पहिली गोष्ट माफ होत असेल तर दुसरीही माफ करावी लागेल. दुसरी माफ होत नसेल तर पहिलीचा आधार ढासळतो. या पेचावर तेव्हापासून बरेच लेखन झाले आहे. एवढे मात्र स्पष्ट झाले, की ‘गेम आहे तो’ हे वाक्य उत्तर म्हणून अपुरे आहे.

वाट सापडते ती भावाच्याच बाजूने. बुद्धिबळात समोरच्याचा घोडा मारणाऱ्याला कोणाचेही मरण नको असते, त्याला डाव जिंकायचा असतो. यशोधराला मात्र हत्येचे फळ हवे होते, फक्त हत्या नको होती. म्हणून बटण कोणते दाबले यावरून काही ठरत नाही. दाबताना माणूस काय करत होता, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी हे पाहता येते. चार मुले मोबाइल आडवे धरून बसलेली असतात. ‘नॉक झालो, रिव्हाइव्ह दे,’ असे एक ओरडतो. दुसरा आपला सुरक्षित आडोसा सोडून, गोळ्या चुकवत त्याच्याकडे धावतो. त्याला उठवायला काही सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत दोघेही टिपले जाण्याची शक्यता असते. तरी तो जातो. हा खेळ बीजीएमआय. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी घातल्यावर जुलै २०२१ मध्ये तो त्याच्या जागी आला. येताना त्यातले रक्त लाल राहिले नव्हते, हिरवे झाले होते. हिंसा सौम्य करण्याचा तो उपाय होता.

त्याच कट्ट्यावर आणखी एक गोष्ट ऐकू येते. हरलेल्या अनोळखी खेळाडूला माइकवरून आयबहिणींवरून शिव्या घातल्या जातात. आपल्याकडे कर्माचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन प्रकार मानतात. त्या हिशेबाने पाहिले तर गोळी खेळातली आहे, शिवी मात्र खरी आहे. ती खऱ्या माणसाच्या तोंडून निघते आणि खऱ्या माणसाच्या कानात शिरते. नाव आणि आवाज मुलीचा असेल तर काय काय ऐकावे लागते, हे खेळणाऱ्या मुली जाणतात. रक्ताचा रंग बदलणाऱ्यांचे लक्ष चुकीच्या जागी होते. चित्रातली हिंसा पुसण्यावर भर राहिला आणि जिवंत माणसाला होणारी इजा तशीच राहिली. सवंगड्यासाठी आडोसा सोडून धावणे आणि हरलेल्याला माइकवरून तुडवणे, दोन्ही एकाच खेळातली कर्मे आहेत. दोन्ही खेळणाऱ्याची स्वतःची आहेत.

व्हिडिओ गेमचे खरे बळ या ‘स्वतःची’मध्ये आहे. कादंबरीतल्या नायकाने चूक केली तर वाचक हळहळतो, सिनेमात केली तर प्रेक्षक चुकचुकतो. दोघेही साक्षी असतात. खेळात मात्र खेळाडूने हात हलवल्याशिवाय काही घडत नाही. कर्तेपण त्याच्याकडे येते. माणसाला कर्तेपण देणारी आणि वर त्याच्याकडून जाबही मागणारी कथनकला या माध्यमाआधी फारशी नव्हती.

लुकास पोप यांचा २०१३ मधला ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ याचा उत्तम नमुना आहे. साल १९८२, देश आर्स्टोत्स्का, कल्पनेतला. खेळाडू सीमेवरच्या चौकीतला कारकून असतो. काउंटरसमोर रांग लागलेली असते. प्रत्येकाचा पासपोर्ट घ्यायचा, तारीख, फोटो, शहर, शिक्का तपासायचा आणि हिरवा किंवा लाल ठसा उमटवायचा. जितकी माणसे तपासून होतील तितका पगार. दिवसाच्या अखेरीस घरभाडे, जेवण, शेगडीचे पैसे वजा होतात. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. पैसे कमी पडले तर घर उपाशी ठेवायचे की गारठू द्यायचे, हे खेळाडूलाच ठरवायचे असते.

एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याचे कागद चोख असतात. जाता जाता तो विनवतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. मग ती येते. तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही. परत गेले तर मारून टाकतील, एवढेच ती सांगते. नियम स्पष्ट आहे. तिला सोडले तर लगेच छपाईयंत्रातून ताकीद बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ असतात, पुढे दंड. त्या दिवशी खेळाडूच्या हातून आधीच दोन चुका झाल्या असतील तर त्या बाईच्या जिवाची किंमत थेट मुलाच्या औषधातून कापली जाते. इथे तलवार नाही, बंदूक नाही, फक्त दोन शिक्के आहेत. तरी हात थबकतो. स्वधर्म आणि दया यांतला संघर्ष पुस्तकात वाचणे वेगळे, रांगेतली माणसे खोळंबलेली असताना शिक्का हातात धरून तो सोसणे वेगळे.

पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओज या संस्थेने २०१४ मध्ये काढलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ आणखी पुढे जातो. १९९२ ते १९९६ या काळातल्या सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. युद्धाच्या खेळात खेळाडू सैनिक असतो, ही रूढी त्याने मोडली. इथली माणसे पडक्या घरात जगू पाहणारे नागरिक आहेत. रात्री बाहेर पडून अन्न आणि औषधे मिळवायची. एका शांत घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे साठा आहे आणि ते प्रतिकार करत नाहीत. त्यांना लुटणे सोपे आहे. लुटले तर घरातला आजारी माणूस वाचतो. पण लुटून आलेला माणूस खचतो, गप्प होतो, त्याचे कामात लक्ष लागत नाही. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये हा खेळ शाळांतल्या पूरक वाचनाच्या यादीत घेतल्याचे जाहीर केले. कादंबऱ्यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली ती उगीच नाही.

कर्तेपणाला निवड लागतेच असेही नाही. फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये, २००५ साली, मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण सोळा महाकाय प्राण्यांना मारायला निघतो. त्यातले काही आपल्या वाटेने जात असतात, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात. तरुण त्यांच्या अंगावर चढून तलवार खुपसतो, आणि ते कोसळताना विजयाच्या संगीताऐवजी शोकाचे सूर वाजतात. खेळ पुढे न्यायचा तर मारण्यावाचून मार्ग नाही. प्रत्येक प्राण्यागणिक तरुणाचा चेहरा काळवंडत जातो. आपण हे का करतो आहोत, हा प्रश्न खेळाडूला कोणी विचारत नाही. तो आपोआप मनात येतो.

नीती हाच खेळाचा विषय करण्याची कल्पना याहून जुनी आहे. रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ मध्ये ‘अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा खेळ काढला. आधीच्या खेळांत लोक गावकऱ्यांना लुटत, मारत आणि शेवटी राक्षस मारून वीर ठरत. गॅरियट यांना ते खटकले. त्यांच्या नव्या खेळात शेवटी मारायला खलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे, हेच ध्येय. जादूची द्रव्ये विकणारी एक आंधळी बाई त्यात आहे. माल घेतल्यावर किती नाणी ठेवली हे खेळाडूने स्वतः टंकायचे. कमी ठेवली तरी ती काही म्हणत नाही, तिला दिसतच नाही. खेळ मात्र नोंद ठेवतो, आणि फार पुढे प्रामाणिकपणाच्या वाटेवर अडवतो. कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो ही नीतीची सर्वांत जुनी कसोटी आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या चिमुकल्या स्मृतीत ती बसली होती.

या माध्यमाची पहिली मोठी उणीवही इथूनच सुरू होते. चांगुलपणाची नोंद ठेवायची तर तो मोजावा लागतो, आणि मोजला की त्याचे गुण होतात. मराठी माणसाला हा घोळ ओळखीचा वाटावा. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या असतात आणि साप दुर्गुणांचे. पण शिडी लागते ती दान तसे पडले म्हणून. वर चढणाऱ्याने कोणतेही सत्कर्म केलेले नसते. पट नीतीचा नकाशा दाखवतो, नीतीने वागायला लावत नाही. व्हिडिओ गेमने कवड्यांच्या जागी निवड आणली, ही मोठीच झेप होती. मात्र पुष्कळ खेळांनी त्या निवडीला बाजारभाव लावून टाकला.

‘बायोशॉक’ हा २००७ मधला खेळ विचारी म्हणून गाजला आणि ते योग्यच होते. समुद्रतळावरच्या एका उद्ध्वस्त शहरात लहान मुलींच्या शरीरात ‘ॲडम’ नावाचे शक्तिद्रव्य साठलेले असते. मुलीला मारून ते काढले तर १६० एकके मिळतात. तिला वाचवले तर ८०. पेच खरा वाटतो. पण तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून २०० एकके आणि शिवाय इतर वस्तू येतात. हिशेब केला तर तिघींना मारून ४८०, तिघींना वाचवून ४४०. एवढ्याशा फरकासाठी कोणी पापी होईल? करुणेला काही मोजावे लागले तरच ती करुणा ठरते. इथे खेळाडूला पुण्य मिळते आणि पदरचे फारसे जातही नाही. ‘फेबल’ या २००४ च्या खेळात तर वाईट वागणाऱ्याला शिंगे फुटतात आणि चांगल्याच्या डोक्यामागे प्रभावळ येते. मग खेळाडू समोरच्या माणसाकडे पाहायचे सोडून स्वतःच्या प्रभावळीकडे पाहत दान करतो. फळावर नजर ठेवून केलेल्या कर्माबद्दल गीतेने जो इशारा दिला आहे, तो इथे अक्षरशः लागू पडतो.

तत्त्वज्ञ सी. थी गुयेन यांनी २०२० मधल्या ‘गेम्स: एजन्सी ॲज आर्ट’ या ग्रंथात याचा मोठा धोका सांगितला आहे. खेळात काय मोलाचे हे लख्ख ठाऊक असते, आकड्यांत दिसते, आणि ते सुख आहे. त्या सुखाची चटक लागली की माणूस बाहेरच्या जगातही आकडेच शोधू लागतो. पावले, लाइक्स, टक्के असे काहीही चालते. आकडा नसलेले मोल त्याला दिसेनासे होते.

तरी खेळणाऱ्यांविषयी निराश व्हायचे कारण नाही. ‘मास इफेक्ट’ मालिकेवर काम केलेले जॉन एबेंगर यांनी २०२० मध्ये सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी सज्जनपणाची वाट धरली. दुष्टपणाची मोकळीक होती, शिक्षा नव्हती, पाहणारे कोणी नव्हते, आणि बहुतेकांना तिथेही निष्ठुर होववले नाही.

दुसरी उणीव म्हणजे मागे फिरण्याची सोय. खेळ मध्येच जपून ठेवता येतो. चुकीचा निर्णय घेतला, कोणी मेले, की जुन्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करायचे. खऱ्या आयुष्यात कर्म एकदा घडले की ते भोगावे लागते, निदान त्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागते. पश्चात्तापाला अर्थ आहे तो घडलेले पुसता येत नाही म्हणूनच. ते पुसता आले की निवडीचे वजन निघून जाते. वरचे कितीतरी नैतिक पेच या एका सोयीने पोकळ होतात, आणि खेळांची बाजू घेणाऱ्यांनी हे दडवू नये.

टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने, २०१५ मध्ये, या सोयीलाच हात घातला. सुरुवातीला टोरिएल नावाची मायाळू राक्षसीण खेळाडूला घरात घेते, खाऊपिऊ घालते, आणि त्याला बाहेरच्या धोक्यात जाऊ द्यायचे नाही म्हणून दारात उभी राहते. तिला न मारता पुढे जाता येते. पण त्यासाठी पुन्हापुन्हा हात आवरावा लागतो, आणि सवयीने लढणाऱ्यांच्या हातून ती मरते. खेळाडू हळहळतो, मागे जातो, या वेळी तिला वाचवतो. लगेच फ्लॉवी नावाचे पात्र त्याला सुनावते: तू काय केलेस ते मला माहीत आहे, तिला मारलेस, वाईट वाटले म्हणून परत आलास. जपलेल्या नोंदीत बदल झाला, खेळाच्या आठवणीत झाला नाही.

त्याच खेळात हट्टाने प्रत्येकाला मारत सुटले तर शेवटी जगच नष्ट होते. पुन्हा खेळायचे असेल तर आपला आत्मा देऊन टाकावा लागतो. त्यानंतर कितीही प्रेमाने खेळले, एकालाही दुखवले नाही, तरी सुखाचा शेवट नासलेलाच राहतो. संगणकाच्या पोटातली विशिष्ट फाइल हुडकून पुसली तरच सुटका. एका व्यक्तीने मुख्यतः एकट्याने रचलेल्या खेळाने संचिताची कल्पना इतक्या नेमकेपणाने मांडावी, याचे मनापासून कौतुक करायला हवे. हे माध्यम आपल्या दोषाची जाणीव ठेवून त्याच दोषातून कला घडवू शकते, याचा तो पुरावा आहे.

आपल्याकडे या चर्चेला धर्माचा आणखी एक पदर आहे. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ बनवला. २००९ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेड यांनी आक्षेप घेतला. भक्ताचे आयुष्य देवाच्या हाती असते. इथे देवच खेळाडूच्या हाती जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्यात विचार आहे. पण आपल्या परंपरेत देवाचे सोंग घेणे निषिद्ध कधीच नव्हते. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी नट विष्णू होतो, शंकर होतो, आणि लिहिलेली संहिता हातात नसताना ऐन वेळी देवाच्या तोंडचे बोलतो. मात्र त्यासाठी त्याला पुराण अंगात मुरवावे लागते. देवाच्या रूपात उभे राहिल्यावर काय शोभेल, काय शोभणार नाही, हे त्याला ठाऊक असावे लागते. खेळात देव चालवायला दिला म्हणून दोष येत नाही. चालवणाऱ्यावर देवपणाची कोणतीच जबाबदारी टाकली नाही, देवाचे नुसते पळणारे-उड्या मारणारे बाहुले केले, तर दोष येतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला तेव्हा वेगळी वाट निवडली. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, सोडवायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास पाहत असतात, आपसांत बोलत असतात. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो. लढायचे, पडायचे, उठायचे मात्र राजीनेच. देव साक्षी आणि माणूस कर्ता, ही रचना धर्मदृष्ट्याही नीट बसते. पहाडी लघुचित्रांच्या वळणाची त्यातली दृश्ये पाहताना, आपल्या मातीतली गोष्ट या माध्यमात सांगता येते याचा आनंद होतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे, आणि ती कथेत नाही, धंद्यात आहे. अनेक मोफत मोबाइल खेळ नशिबाची पेटी विकून चालतात. पैसे भरायचे, पेटी उघडायची, हवे ते पात्र निघाले तर निघाले. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२० मधला देखणा खेळ. त्यात सर्वोच्च दर्जाचे पात्र मिळण्याची मूळ शक्यता एका ओढीमागे ०.६ टक्के आहे, आणि ९० ओढींत एक मिळण्याची हमी. पेटी उघडताना आकाशातून तारा पडतो. तो सोनेरी झाला की मोठे बक्षीस, निळाच राहिला तर किरकोळ वस्तू. तो रंग बदलेपर्यंतचा क्षण अतिशय कौशल्याने लांबवलेला असतो. बेल्जियमने एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्या काही खेळांत जुगार ठरवल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीत गेन्शिनच्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरायचे मान्य केले, आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय या पेट्या विकण्यास तिला मनाई झाली. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली.

द्यूताचे दुःख आपल्याला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे अख्खे सूक्त आहे, आणि महाभारताचा सारा अनर्थ एका पटावर सुरू होतो. युधिष्ठिर थांबू शकत होता आणि थांबला नाही, म्हणून तो कर्ता होता आणि दोषीही. आजच्या पेटीत त्याहून वाईट काही आहे. समोर शकुनी दिसत नाही. मुलगा किती वेळ खेळतो, कुठे कंटाळतो, कोणत्या क्षणी पैसे टाकतो, याची नोंद ठेवून पुढचे आमिष बेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे. आपल्या घरातला मुलगा रात्री दोनला उठून खेळत असेल, तर ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असे म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्याय आहे. ज्या माध्यमाचे बळ खेळाडूला कर्ता करण्यात आहे, तेच इथे त्याचे कर्तेपण काढून घेते आणि त्याला यंत्राच्या हातातले साधन करते. पडद्यावरच्या रक्तापेक्षा ही हिंसा मोठी आहे, कारण इथे खरा माणूस इजा पावतो. धर्माच्या नावाने खेळांवर बोलणाऱ्यांनी बोलावे ते आधी यावर.

घरोघरी होणारी चर्चा मात्र अजून दोनच वाक्यांत संपते: ‘किती वेळ खेळतोस?’ आणि ‘काय ती मारामारी!’ मुलगा उत्तर देत नाही, कारण त्याच्या अनुभवाला दोन्ही वाक्ये शिवत नाहीत. त्याने आज खेळातल्या एका अनोळखी सोबत्यासाठी जीव धोक्यात घातला असेल, कोणाला घाण बोलला असेल, एखाद्या पात्राला मारून हळहळला असेल, किंवा आईच्या फोनवरून दोनशे रुपये पेटीत टाकले असतील. या चार गोष्टी एकसारख्या नाहीत.

पोलंडने शाळेत जे केले ते इथल्या एखाद्या महाविद्यालयाला नीतिशास्त्राच्या तासाला सहज करता येईल. ‘पेपर्स, प्लीज’ २०२२ पासून मोबाइलवरही मिळतो. वर्गातल्या भिंतीवर ती चौकी दाखवावी, नवऱ्याला आत सोडून द्यावे, बायकोला काउंटरपुढे उभे करावे आणि कोणता शिक्का मारायचा ते मुलांना ठरवू द्यावे. कोणी म्हणेल नियम म्हणजे नियम. कोणी म्हणेल जीव आधी. कोणी विचारेल, घरी मुलगा आजारी नसता तर आपण हेच केले असते का? आणि एखादी मुलगी विचारेल, ती बाई खोटे बोलत असेल तर? गीता, कांट, महावीर, आंबेडकर यांची पाने त्यानंतर उघडावीत.